आठ बाय दहा

१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

'वन्सं' म्हटलं की तुला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, हे माहीत असूनच लिहिते आहे. खरं तर फोनच करणार होते, पण तुझं कानातलं यंत्र आणि माझं भरभर बोलणं ह्यांचं कधी जमलेलं नाही. मागच्या वेळी मी 'रिटायर झाले' म्हणून ओरडत होते आणि तू 'कुठला टायर?' विचारत होतीस. तेव्हा पत्रच बरं.

तर, रिटायर झाले. एक्स-रे विभागाने मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणं केली. मुख्य डॉक्टर तर इतकं बोलले की निरोप मला आहे की त्यांना, तेच कळेना.

आता कामाचं बोलते. मला कॅमेरा घ्यायचा आहे. गळ्यात अडकवायचा नव्हे. तुझ्या स्टुडिओत होता तसा, लाकडी, पुढे भाता असलेला, डोक्यावर काळं फडकं घेऊन मागच्या काचेत बघायचा. एका वेळी फिल्मचा एकच तुकडा घालायचा आणि एकच फोटो काढायचा. उभी हयात मी फिल्मच हाताळली. अंधारात कॅसेट भरली, लाल दिव्याखाली धुतली, टपटपणारी वाळत टांगली. मग सगळं संगणकावर गेलं. सगळे खूश झाले आणि मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

एका बाईंकडे असे दोन जुने कॅमेरे विकायला आहेत. एक चार बाय पाचचा, एक आठ बाय दहाचा. लहान म्हणजे मोठ्याच्या निम्मा, एवढं मला कळतं. पण घ्यावा कुठला? तू जन्म ह्यात घालवलास, तूच सांग.

आणि हो, तुझ्या दादाला ह्यातलं अवाक्षर बोलू नकोस. ह्यांच्या कानावर गेलं की ती वस्तू ह्यांची होते. मी चष्मा करायला गेले तर हेच पुढे होऊन दुकानदाराला म्हणाले, "हिला ही फ्रेम शोभेल." प्रेमाने करतात, म्हणून धड भांडताही येत नाही. ही एक वस्तू मला निवडण्यापासून माझी हवी आहे. घरी आणली की सांगेन.

तुझी,
वहिनी


२१ जानेवारी

वहिनीबाई,

टायरचं तू मरेपर्यंत विसरणार नाहीस, तेव्हा मीही सोडून देते. अभिनंदन!

आधी तुझं गणित सुधारते. चार बाय पाच हा आठ बाय दहाचा निम्मा नव्हे, चतकोर. बाजू निम्म्या होतात, पण जागा पाव होते. खोटं वाटत असेल तर कागद घे आणि दोनदा दुमड. स्टुडिओत शिकायला आलेलं प्रत्येक जण नेमकं इथेच घसरायचं, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस. मीही घसरले होते.

आता माझं स्पष्ट मत. चार बाय पाच घे. तो पिशवीत बसतो, तिवई खांद्यावर टाकता येते, एकटी कुठेही जाऊन येशील. फिल्म मिळते. फोटो बिघडला तर चतकोरच वाया जातो, आणि सुरुवातीला तू बिघडवणार आहेस. आठ बाय दहा हा कॅमेरा नव्हे, दुसरा संसार आहे. तिवई जड, लेन्स जड, फिल्मचे होल्डर शाळेतल्या पाटीएवढे. घरातून फाटकापर्यंत नेईस्तोवर उजेड बदललेला असतो. माझ्या कमरेची जी वाट लागली ती कुणामुळे, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा मी त्याचंच नाव घेतलं. मधला एक पाच बाय सात असतो. दिसायला सगळ्यांत देखणा, पण त्याची फिल्म शोधण्यातच जीव जातो.

आठ बाय दहाच्या बाजूने एकच गोष्ट आहे. त्याचा फोटो मोठा करावा लागत नाही. कागदावर फिल्म ठेवायची, वरून काच दाबायची, दिवा लावायचा, की फिल्मएवढाच फोटो तयार. तो एकदा बघितला की माणसाला दुसरं काही आवडेनासं होतं. म्हणून मी तुला तो दाखवणार नाही.

पण शहाणे, फोटो कशाचे काढणार ते तू सांगितलंच नाहीस! आधी ते ठरव, मग माप ठरतं. आणि जुना घेताना भात्याला भोकं आहेत का ते नीट विचार. आत उजेड शिरला की सगळं मुसळ केरात.

दादाला सांगणार नाही. तुझी शपथ.

तुझी वन्सं (घे, मीच लिहिलं)


२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

कागद दुमडला. चतकोरच निघाला. सगळ्या विभागाला फिल्मची मापं शिकवणारी बाई मी, दाराला कडी लावून दुमडला म्हणून कुणी बघितलं नाही.

फोटो कशाचे? हातांचे.

हसू नकोस. मी हजारो हातांचे एक्स-रे काढले. शिंप्यांचे, गाडी दुरुस्त करणाऱ्यांचे, शाळेत पडलेल्या पोरांचे, नव्याने आई झालेल्या पोरींचे. हाडं मला तोंडपाठ आहेत. पण कातडी, नखं, भेगा, अंगठी काढल्यावर राहिलेला वळ, हे कधी निवांत बघितलंच नाही. फिल्मवर ते दिसत नाही आणि बाहेर रांग उभी. आता मला ते बघायचं आहे. एक्स-रेवर हात हाताएवढाच येतो, तसाच मला फोटोतही हवा. बघणाऱ्याला त्यावर आपला हात ठेवून बघावासा वाटला पाहिजे. चार बाय पाचमध्ये तो बाहुलीचा हात होईल. मागून मोठा करता येतो हे तू म्हणशीलच, पण मला मुळातच हाताएवढा हवा. ह्याला हट्ट म्हण.

त्या बाईंना फोन केला. हे घरात होते म्हणून मागच्या अंगणात जाऊन बोलले. म्हटलं, चार बाय पाच मला फारच लहान पडेल, आठ बाय दहाच बघते आहे. जुनं असलं तरी चालेल. एकटीलाच वापरायचं आहे. भोकंबिकं नाहीत ना, आत उजेड अजिबात यायला नको. आणि घरी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा उलट फोन करू नका. बाई चांगल्या वाटल्या. महिनाभराने येऊन बघा म्हणाल्या, तोवर त्या लेकीकडे चालल्यात. पण तुझी कंबर डोळ्यांसमोर येते आणि मन मागे सरतं. उचलून नेणार कोण?

हे मात्र हल्ली विचित्र वागतात. परवा मी न सांगता ह्यांनी चहा करून पुढे ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा! आणि समोर बसून विचारलं, "तुला इथे काही कमी आहे का गं?" मी घोट घेऊन म्हटलं, "साखर." तर हसले नाहीत, उठून गेले. काल अंगणात विटा येऊन पडल्या. हत्यारं ठेवायला खोली बांधतात म्हणे. दुसऱ्यांची घरं बांधणं थांबवलं, तर आता आपल्या घराला सुरुवात. सगळीकडे सिमेंटची धूळ. ह्यात मी लेन्स ठेवू कुठे?

तुझी,
वहिनी


६ फेब्रुवारी

चिमे,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. त्यामुळे समज.

तुझी वहिनी घर सोडून चालली आहे. खोली बघते आहे.

ती अंगणात फोनवर बोलत होती. मी मोरीत नळाचा वायसर बदलत होतो. ऐकायचं नव्हतं, ऐकू आलं. चार बाय पाच लहान पडेल म्हणाली. पडेलच. चार बाय पाच म्हणजे मोरी. आठ बाय दहा हवी म्हणाली. एकटीसाठी. जुनी चालेल. घरी सांगितलेलं नाही म्हणाली. आणि आत उजेड अजिबात नको म्हणाली. चिमे, माणूस कधी म्हणतो की आत उजेड नको?

मी जन्मभर खोल्या बांधल्या. आठ बाय दहात खाट टाकली की कपाटाचं दार पुरतं उघडत नाही. उजेड नसला की भिंतीला ओल धरते. ओल असली की तिचे गुडघे धरतात. हे तिथे कोण बघणार?

भांडण झालेलं नाही. मी काय केलं ते मला कळत नाही. विचारायला जातो आणि भलतंच बोलतो. ती तुझ्याशी मोकळं बोलते. तू विचारून कळव.

तोवर मी स्वस्थ बसू शकत नाही. मागे अंगणात बांधायला घेतली आहे. आठ बाय दहा. तिला हवी तेवढीच. तिला म्हटलं हत्यारांसाठी आहे. वेगळं राहायचं असेल तर राहू दे, पण पक्क्या भिंतीत राहू दे. उजेड नको म्हणाली तरी खिडकी ठेवणार. मोठी. उत्तरेला, म्हणजे ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो.

दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग रडले, मग परत हसले. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

अरे वेड्या, वहिनी कुठेही जात नाही. आठ बाय दहा म्हणजे काय ते मला माहीत आहे आणि ते खोलीचं माप नाही. ह्याहून जास्त सांगता येत नाही, कारण तिने माझ्याकडून शपथ घेतली आहे. तू एक काम कर. तोंड उघड आणि तिला सरळ विचार, म्हणजे तीच सांगेल.

खिडकी मात्र ठेव. मोठी ठेव. उत्तरेलाच ठेव. का ते विचारू नकोस.

चिमी


१९ फेब्रुवारी

चिमे,

विचारलं. आठ बाय दहाचं विचारणार होतो, ते तोंडातून आलं नाही. मनात काही आहे का, असं विचारलं. "काही नाही हो" म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

तू लिहितेस जात नाही. मला बरं वाटावं म्हणून लिहितेस. खोलीचं माप नाही तर कशाचं? आठ बाय दहा दुसरं काय असतं?

भिंती खिडकीच्या वर गेल्या. काच मागवली आहे. काल तिने येऊन विचारलं, हत्यारांना एवढी खिडकी कशाला. मी म्हटलं, गंजू नयेत म्हणून. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

गिलावा गुळगुळीत करतो आहे. तिला खरबरीत भिंत आवडत नाही.

दादा


२५ फेब्रुवारी

वहिनी,

सोबत दादाची दोन पत्रं जोडली आहेत. आधी ती वाच. बसून वाच.

वाचलीस? आता सांग, ह्यात माझी शपथ मोडली का? मी त्याला काही सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे. नियमात बसतं. आणि बसत नसेल तरी मला पर्वा नाही. तिकडे माझा भाऊ तू निघून जाणार म्हणून गिलावा घासतो आहे आणि तू त्याला मनात काही नाही म्हणून सांगतेस! तुझी वस्तू तुझी राहू दे, पण हे आज सांग. स्वयंपाक करपला तरी चालेल.

चूक तुझीही नाही म्हणा. आपण फोटोवाले इंच म्हणायला विसरतो, आणि त्याच्या जगात इंच फक्त खिळ्यांना असतात.

आता कॅमेऱ्याचं. मी माझं मत बदलते, आणि हे मी सहसा करत नाही. आठ बाय दहा घे. तो कुठे न्यायचाच नसेल तर वजनाचं काय घेऊन बसायचं? लोकच हात घेऊन तुझ्याकडे येतील. हात हाताएवढा हवा असला की भाता दुपटीने लांबवावा लागतो आणि फिल्मला उजेड चौपट द्यावा लागतो, नाहीतर फोटो काळा येतो. तसा शांत, सारखा उजेड मिळावा म्हणून आम्ही स्टुडिओवाले अर्धं आयुष्य घालवतो. तुझ्या अंगणात तो आपोआप बांधून होतो आहे, तोही गैरसमजाने. तुझ्यासारखी नशीबवान बाई मी दुसरी बघितली नाही.

उलट टपाली कळव. मला इथे चैन पडत नाही.

वन्सं


१४ मार्च

प्रिय वन्सं,

उलट टपाली जमलं नाही, रागावू नकोस. इथे काय काय झालं ते ऐक.

तुझं पाकीट आलं तेव्हा हे अंगणात गिलावा करत होते. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पत्रं फोडली. 'चार बाय पाच म्हणजे मोरी' इथे मी इतकी हसले की ओट्याला धरलं. मग गुडघ्यांची ओळ आली आणि मला पुढचं दिसेना. माझे गुडघे दुखतात हे मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही. बोलून दाखवायची आपल्या दोघांचीही सवय नाही, हे तेव्हा लक्षात आलं. 'आपल्या' म्हणजे माझी आणि ह्यांची, तू तर घडाघडा बोलतेस.

तशीच बाहेर गेले आणि म्हटलं, "कॅमेरा हो, कॅमेरा! आठ बाय दहा इंच!"

हे थापी हातात धरून उभे. "इंच?"

"इंच."

मग खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत खोलीकडे बघितलं. "मग एवढी मोठी कशाला बांधली मी?" म्हणाले आणि विटांच्या ढिगावर बसून हसायला लागले. मी शेजारी बसले. कितीतरी वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि परत हसायचो. समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले.

राग मला नंतर आला. जेवताना म्हटलं, "मी चालले असं तुम्हाला वाटत होतं, तर अडवलं का नाही? एका शब्दाने विचारलं नाहीत!"

ताटाकडे बघत म्हणाले, "तू ठरवलंस म्हणजे विचार करूनच ठरवलं असणार. अडवून काय करू? मला एवढंच वाटत होतं, फार लांब जाऊ नये."

वन्सं, एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला ह्याहून गोड काही म्हटलेलं नाही, आणि तेही भाजीकडे बघत. मी आणखी थोडी वाढली.

मागच्या आठवड्यात त्या बाईंकडे गेलो, दोघं. दोन्ही कॅमेरे टेबलावर मांडलेले होते. चार बाय पाचचा खरंच देखणा आहे, पितळेच्या बिजागऱ्या लखलखीत, आणि मी उचलून बघितला तेव्हा क्षणभर मन डळमळलं. तो घेऊन मी नदीवर गेले असते, बाजारात गेले असते. बाईंनी सवयीने ह्यांनाच विचारलं, "तुम्हाला कुठला पसंत आहे?" हे म्हणाले, "मला काय विचारता? तिचं तिला विचारा," आणि खरंच खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. मी निवांत दोन्ही काचांमध्ये बघितलं. माझाच हात पुढे धरला. मोठ्याच्या काचेवर तो उलटा, पण हाताएवढा हात दिसला, नखाजवळचं निघालेलं कातडंसुद्धा. मग विचार करायला काही उरलंच नाही. गाडीपर्यंत मात्र ह्यांनीच उचलून आणला, धापा टाकत, आणि वाटेत फक्त एवढंच विचारलं की हा ठेवायला आधाराला लाकूड कुठलं लागेल.

खोलीला रंग मी फिका राखाडी सांगितला. ह्यांना पांढरा हवा होता. राखाडीच दिला.

काल सकाळी कॅमेरा तिवईवर चढवला. काळ्या फडक्याखाली डोकं घातलं आणि काच बघितली. समोर रिकामी खुर्ची, उलटी टांगल्यासारखी, आणि बाजूने उत्तरेचा उजेड, दुधासारखा. इतकं बरं वाटलं वन्सं, की मी काहीही न करता नुसती बघत उभी राहिले. माझी खोली, माझा कॅमेरा, आणि ह्या वयात नव्याने शिकायची एक गोष्ट. आणखी काय लागतं माणसाला?

तेवढ्यात टकटक झाली.

हा माणूस कुठल्याही खोलीत कधी दार वाजवून आलेला मला आठवत नाही. स्वतःच बांधलेली खोली, स्वतःच बसवलेलं दार, तेही सताड उघडं. मी फडक्यातून वाकून बघितलं तर उंबऱ्याबाहेर उभे होते. हात कोपरापर्यंत घासून धुतलेले, शर्टाला पुसत.

"येऊ का?" म्हणाले.

मी म्हटलं, "या."

तुझी,
वहिनी